पालखीखालची धडधड

माझ्या अंगात देव आला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात सहाणेवर जमलेल्या अख्ख्या गावात हे फक्त मला एकट्याला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून उद्भवलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचं गाव रत्नागिरीपासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाचं. खाली खाडीलगत भातशेती, उतारावर घरं आणि वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि सहाणेपाशी, म्हणजे गावाच्या मधोमध बांधलेल्या दगडी चौथऱ्यापाशी, ढोलाच्या ठेक्यावर नाचवली जाते. पुढचा दांडा एकाच्या खांद्यावर, मागचा दुसऱ्याच्या. पालखी चांगली वजनदार, त्यात ती नाचवायची म्हणजे गुडघ्यात वाकायचं, उठायचं, गर्रकन फिरायचं. पुढच्या दांड्याचा पहिला मान आमच्या घराचा. वडील होते तोवर त्यांनी घेतला, ते गेल्यावर माझ्याकडे आला. एरवी या मानाची कुणी फारशी चर्चा करत नाही, पण तो नाकारला तर वर्षभर दुसरी चर्चा होत नाही.

आणि मला त्या वर्षी तो नाकारायचा होता.

मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात फिटर आहे. त्या शिमग्याच्या सातआठ महिने आधी, एका साध्या दुपारी, डबे बंद करायच्या मशीनचा नट आवळता आवळता माझी छाती अचानक धडधडायला लागली. नुसती धडधड नाही, बोटांना मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, डोळ्यांपुढे अंधारी. मी मरतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सोबतच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. गॅस असेल म्हणाले. पुढच्या तीन महिन्यांत मी असा चार वेळा मेलो आणि चारही वेळा कार्डिओग्राम चांगला आला. मग एको, मग रक्त, सगळं चांगलं. आपलं हृदय ठणठणीत आहे हे ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा, मला मात्र राग यायचा. मशीन बंद पडतंय आणि समोरचा म्हणतो बिघाड नाही, अशा माणसाला मी कारखान्यात उभं केलं नसतं.

मग मीच माझा इलाज सुरू केला. ज्या ज्या गोष्टीने छाती धडधडते ती ती बंद. जिने बंद, चढ बंद, चहा बंद, भरभर चालणं बंद. बायकोशी भांडणंसुद्धा बंद केली, त्यामुळे ती सगळ्यांत आधी घाबरली. घरातून निघून मोटारसायकलवर बसायचं, कारखान्यात जाऊन स्टुलावर बसायचं, परत यायचं आणि कॉटवर बसायचं. इतकं करूनही ते यायचंच. उलट आता बसल्या जागी यायला लागलं.

अशा अवस्थेत मी पालखीखाली उभा राहिलो. कंबर धरलीय म्हणून सांगावं असं ठरवून गेलो होतो, पण गुरवाने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दांडा खांद्यावर आला. पहिल्या दोन फेऱ्या कशाबशा गेल्या. तिसऱ्या वेळी वाकून उठलो तेव्हा छातीत ते सुरू झालं. श्वास वरच्या वर अडकला, हात थरथरायला लागले, सगळं अंग गदगदा हलायला लागलं. मला दांडा टाकून धूम पळायचं होतं. पाय मात्र जागचे हलेनात.

आणि ढोल थांबला. कुणीतरी माझ्या खांद्यावरचा दांडा काढून घेतला. दोन बायका तांब्या घेऊन धावल्या, माझ्या पायांवर पाणी ओतलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. "वारं आलं," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हात जोडायला लागले.

आमच्याकडे वारं येणं म्हणजे देव अंगात येणं. घामाने डबडबलेला, थरथरणारा, डोळे फिरवणारा माणूस पालखीखाली दिसला तर गावाला दुसरा अर्थच सुचत नाही. त्यांना दोष देत नाही, मलाही सुचला नसता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. चाळिशी ओलांडलेला बाप्या ढोलाला घाबरून कापतोय, यापेक्षा देव आलाय हे कितीतरी बरं होतं. मी डोळे मिटून घेतले आणि कापत राहिलो.

इथपर्यंत असतं तर चाललं असतं. पण वारं आलेल्याला विचारायची पद्धत आहे, आणि पहिली पुढे आली ती माझी काकी.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन चिपळूणला, हिचा एकटीचा संसार. लहानपणी लाकडं फोडताना ढलपी उडून तिचा डावा डोळा कायमचा गेला. उरलेल्या उजव्या डोळ्यावर तिने भात लावलं, काजू सोलले, मुलगी वाढवली, आणि लहानपणी माझ्या पायातले काटेही तिनेच काढले. त्या उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरला होता.

"देवा," तिने पदर पसरून विचारलं, "डॉक्टर डोळा कापूया म्हणतो. एकच हाय. कापू का नको?"

"नको," मी म्हणालो. "डोळ्याला हात लावू द्यायचा नाही."

हे मी का म्हणालो याचा मी पुढे खूप विचार केला. मला गप्प राहता आलं असतं, मान हलवून सोडून देता आलं असतं. पण त्या दिवसांत दवाखान्याच्या फिनेलचा वास आला तरी माझे तळहात ओले व्हायचे. सुरी, पट्टी, स्ट्रेचर हे शब्द निघाले की मी उठून जायचो, हे काकीनेही पाहिलं होतं. काकीला उत्तर देवाने दिलं नव्हतं, माझ्या भीतीने दिलं होतं. काकीने पदर डोळ्यांना लावला आणि समाधानाने मागे सरली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी भिंतीला टेकून मनगटावर बोट ठेवून बसलो होतो. बायको समोर येऊन उभी राहिली.

"अंगात देव आलेला माणूस घरी येऊन नाडी मोजत बसत नाय," ती म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर यायचं. कुठं ते विचारायचं नाय."

तिने मला शहरातल्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दारावरची पाटी वाचून मी परत फिरलो होतो, पण मोटारसायकलची चावी बायकोच्या पर्समध्ये होती. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी माझे सगळे रिपोर्ट शांतपणे पाहिले, मग मला तासभर बोलू दिलं. या आजाराला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, हे त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. माझ्या कामावरून त्यांनी विचारलं, "तुमच्या बॉयलरला धोक्याचा भोंगा असतो ना? प्रेशर ठीक असतानाही तो वाजायला लागला तर काय करता?"

"भोंगा तपासतो," मी म्हणालो. "बॉयलर विझवून घरी जात नाही."

"तुम्ही मात्र बॉयलर विझवून बसलाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी एक बारीकशी गोळी रोज घ्यायला सांगितली. आणि दुसरं औषध सांगितलं ते ऐकून मला वाटलं, बाईंनी माझं काहीच ऐकलेलं नाही. आठवड्यातून निदान चार दिवस, अर्धा तास, दम लागेल असा व्यायाम. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम. म्हणजे ज्या धडधडीपासून मी चार-पाच महिने लपत होतो, तिलाच स्वतःहून बोलावणं धाडायचं. त्यांचं म्हणणं असं की हृदय भरभर चाललं की मी मरणाची वाट बघायला लागतो. ते रोज भरभर चालवायचं, आणि दरवेळी मरण येत नाही हे शरीराला दिसू द्यायचं. समजूत घालून हे पटत नाही, पायांनी पटवावं लागतं. मध्येच ते आलं तर पळायचं नाही, बसायचंही नाही, चाल कमी करून चालत राहायचं.

"आणि चालता चालता मेलो तर?" मी विचारलं.

"तर मी चुकले असं समजा," त्या म्हणाल्या. बायको हसली. मला त्या दोघींचाही राग आला, आणि त्या रागातच मी ठरवलं की करूनच दाखवायचं.

आमच्या घराच्या मागून सड्यावर पाखाडी जाते. पाखाडी म्हणजे चढावर जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली पायवाट. आमच्या पाखाडीला एकशे बारा पायऱ्या आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता झोपेतही विसरणार नाही. पहिल्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता निघालो आणि एकोणिसाव्या पायरीवर ते आलं. छाती फुटेल असं वाटलं. चाल कमी करा, असं बाई म्हणाल्या होत्या. मी चाल इतकी कमी केली की उलटा फिरून घरी आलो आणि कॉटवर आडवा झालो. दुसऱ्या दिवशी एकवीस पायऱ्या. तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. चौथ्या दिवशी बायकोने कॉट उचलून पडवीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

त्या मे महिन्यात कारखान्यात आंब्याचा हंगाम ऐन भरात होता, दिवसाला दोन पाळ्या चालत होत्या, आणि मी पहाटे पायऱ्या मोजत होतो. चाळीस. पंचावन्न. एका सकाळी सत्तराव्या पायरीवर धडधड आली तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "आली का? चल मग." आणि आणखी पाच चढलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण मी मेलो नाही, आणि मुख्य म्हणजे ती धडधड माझ्याशी काही करू शकली नाही. थोड्या वेळाने तीच दमली. त्या दिवशी मला किती आनंद झाला ते लिहायला लाज वाटते. मी घरी येऊन चहा मागितला, सहासात महिन्यांनी.

पाऊस सुरू झाला तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ धरलं. घसरून पडलो तर व्यायाम बंद, म्हणून मी दर रविवारी खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन पाखाडी घासायला लागलो. आता गावात एखादा माणूस उठसूट पाखाडी चढतो-उतरतो, वर तिची घासपूस करतो, तर गाव काय समजणार? आधी चेष्टा झाली. सड्यावर काय पुरून ठेवलंयस, असं एकाने विचारलं. मग काकीने ते सगळं आपल्या परीने सोडवलं. तिचं घर पाखाडीच्या ऐन मध्यावर. रोज पहाटे माझी पावलं आणि माझा धापा टाकण्याचा आवाज तिच्या पडवीत जायचा. तिने वाडीभर सांगितलं की शिमग्यात देव आला, आता देव त्याच्याकडून सेवा करून घेतोय. त्यानंतर चेष्टा थांबली. लोक मला पाखाडीवर वाट द्यायला लागले. म्हातारे लोक नमस्कार करायचे. हेही मी चालवून घेतलं. मनोविकाराच्या दवाखान्यातून आलोय हे सांगण्यापेक्षा नमस्कार घेणं सोपं होतं.

गणपतीत काकीची मुलगी माहेरी आली. ती मला अंगणात गाठून म्हणाली, "दादा, तूच आईला सांग. चुलीवरचं दूध ओतू गेलेलं तिला कळत नाही. उंबऱ्याला ठेच लागून दोनदा पडली. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू फार पिकला तर ऑपरेशन अवघड होईल. ही म्हणते, देव नको म्हणालाय."

तिने मला दोष दिला नाही. देवाला कोण दोष देणार? मी 'सांगतो' म्हणालो आणि मागच्या दाराने पाखाडीवर गेलो. ती संध्याकाळची वेळ होती, माझ्या व्यायामाची नाही. एकशे बारा पायऱ्या एका दमात चढलो. सड्यावर पोचून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिलो तेव्हा कळलं की आज मी छातीकडे लक्षच दिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी शरम वाटत होती की घाबरायला सवड मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी काकीच्या पडवीत जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, गोळी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली. काकीने गोळी चाचपून पाहिली आणि परत दिली.

"तुला काय ठावं?" ती म्हणाली. "वारं आलेल्याला काय बोललो त्याची शुद्ध असते होय? तू नाय बोललास, देव बोलला."

"काकी, मला सगळं आठवतंय. मीच बोललो."

"तुला वाटतंय तसं. ऱ्हाऊ दे. चाय घेतोस?"

मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा चहा पिऊन आलो. तिच्या पडवीत, हातात कप धरलेल्या माझ्या शब्दाला काही किंमत नव्हती. तिचा पुतण्या पडवीत बोलत होता आणि तिचा देव सहाणेवर बोलला होता. जे तिथे सांगितलं ते तिथेच मोडायला हवं होतं, त्याच जागी, तसाच घाम गाळत, सगळ्यांच्या देखत. हे ध्यानात आल्यावर मी दोन दिवस पाखाडीवर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि दोन फेऱ्या जास्त मारल्या.

बायकोने तोडगा काढला होता. "एवढं कशाला? या शिमग्यात पुन्हा वारं येऊ दे की. देवालाच सांगू दे, आता ऑपरेशन कर म्हणून. काकीचं काम झालं, तुमची अब्रू राहिली."

तोडगा बिनतोड होता. मी त्यावर आठवडाभर विचार केला, आणि तो विचार करताना मला बरंच हलकं वाटत होतं हेही कबूल करतो. पण मी गेले दहा महिने स्वतःला एकच गोष्ट शिकवत होतो. धडधड म्हणजे धडधड. हृदय भरभर चाललंय, बस्स. ते मरण नाही. आता त्याच धडधडीला मी सहाणेवर देव म्हणणार असेन, तर पाखाडीच्या सगळ्या पायऱ्या वाया गेल्या. आणि काकीला या वर्षी 'कर' सांगितलं तर पुढच्या वर्षी दुसरं कुणी काय विचारायला येईल, आणि मी त्याला काय सांगीन? मीटरचा काटा बरोबर आकड्यावर वाकवून ठेवला म्हणून मशीन दुरुस्त होत नाही. बायकोला मी नाही म्हणालो. ती रुसली नाही, फक्त म्हणाली, "मग मी समोर उभी राहीन."

शिमग्याआधी गुरवाला जाऊन भेटलो. मान घेणार, पण वारं येणार नाही, असं त्याला आधीच सांगून टाकलं. म्हाताऱ्याने तोंडातला विडा गालात सरकवला.

"देवाचं नाव बद्दू करू नको म्हंजे झालं," तो म्हणाला.

"देवाचं नाव काढून घ्यायलाच येतोय, माझ्या बोलण्यावरचं," मी म्हणालो.

पालखी सहाणेवर आली तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. मुंबईहून आलेली मंडळी, माहेरवाशिणी, सगळी उन्हात दाटीने उभी. गाऱ्हाणं झालं. दांडा खांद्यावर घेतला. ढोल सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत धडधड आली, कारण ती येणारच होती, मी तिचीच तयारी केली होती. दुसरी फेरी. तिसरी. वाकलो, उठलो, फिरलो. पाखाडीच्या नव्वदाव्या पायरीवर जेवढा दम लागतो तेवढा लागला होता, आणि त्याच्या वर भीती होती, कारण आज नुसतं चढायचं नव्हतं. श्वास मोठ्याने यायला लागला. मी थांबलो नाही. पाचवी फेरी पुरी केली आणि पालखी बदलीच्या खांद्यावर दिली.

मी धापा टाकत उभा राहिलो आणि बरोबर तेच झालं. ढोल मंदावला. दोघीजणी तांब्या आणि हळदकुंकू घेऊन निघाल्या. बायको गर्दीच्या पहिल्या रांगेत उभी होती, तिने हाताची घट्ट घडी घातली होती. काकी मुलीचा हात धरून पुढे येत होती. जमीन पायाने चाचपत येत होती. वर्षापूर्वी ती एकटी चालत आली होती.

"पाणी घालू नका," मी म्हणालो. आवाज फुटका आला. "वारं नाही आलं. मला दम लागलाय."

कुणीतरी हसलं. तांब्यावाली तिथेच थबकली. मला वाटलं, आता पाय पळतील. पायांना धरून ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, मी नुसता उभा राहिलो.

"गेल्या वर्षीपण नव्हतं आलं," मी म्हणालो. "मी घाबरलो होतो. मला घाबरण्याचा आजार आहे, त्यावर मी शहरात औषध घेतो. पाखाडी चढतो तीसुद्धा डॉक्टरांनी सांगितली म्हणून. सेवा नाही. काकी, तुला मी नको म्हणालो ते मी म्हणालो. मला दवाखान्याची भीती वाटत होती, म्हणून म्हणालो. देवाचा त्यात काही संबंध नाही."

काकी माझ्या अगदी जवळ आली. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून तिने हात पुढे केला आणि तो माझ्या छातीवर ठेवला. माझं हृदय तिच्या तळव्यावर नुसतं आपटत होतं. मी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"आताबी घाबरलायस?" तिने विचारलं.

"हो."

"आणि उभा हायस."

"हो."

मग तिचा चेहरा वाकडा झाला. "वरीस घालवलंस माझं, मेल्या," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "आंधळी करून ठेवलीस." मुलीने तिला आवरायला हात घातला तो तिने झटकला. ती खरं तेच बोलत होती. गावाने नंतर मला काय काय म्हटलं त्यातलं मला फारसं आठवत नाही, हे मात्र तिच्या आवाजासकट आठवतं.

डोळा वाचवण्याची वेळ निघून गेली असेल का, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "काकी, सोमवारी चल माझ्याबरोबर. मी नेतो."

तिने छातीवरचा हात काढला नाही. मग आवाज खाली आणून, फक्त मला आणि तिच्या मुलीला ऐकू जाईल असं बोलली.

"नको म्हणशील म्हणूनच इचारलं होतं रे तुला," ती म्हणाली. "एकच डोळा. माझीच छाती उडत होती."